पाठीमागून बहिरा

“त्याला मी तोंड नाय लावायची,” सुंदराकाकू म्हणाली आणि वाल्मिकने पुढे धरलेला माईक तिने मनगटाने बाजूला सारला, गोठ्यातल्या वासराचं तोंड सारावं तसा. “किती जनांचं उष्टं हाय ते?”

दुसरा कोणी असता तर ‘नवाकोरा आहे’ म्हणून मोकळा झाला असता. वाल्मिकला खोटं जुळवायला वेळ लागे, आणि तेवढ्यात खरं तोंडातून निघून जाई.

“धुतलाय, काकू. वरची जाळी काढून साबणानं धुतलीय.”

“साबनानं उष्टं जातं व्हय? परवा कुटं नेलावता ह्यो?”

“भिसेगावला. प्रवचन होतं.”

“कसलं परवचन?”

वाल्मिकने माईककडे पाहिलं. “दशक्रियेचं.”

“आयकलंस, अंबे?” सुंदराकाकू शेजारी वालाच्या शेंगा सोलत बसलेल्या अंबूबाईकडे वळली. “मयताच्या घरचं घेऊन आलाय, माज्या नातीच्या हलदीला!”

“मयत नाय बोललं गं त्याच्यात,” अंबूबाई शेंगांवरची नजर न काढता म्हणाली. “परवचनवाला बोलला.”

वाल्मिकला हसू आलं, पण सुंदराकाकूच्या चेहऱ्याकडे बघून त्याने ते गिळलं.

सुंदराकाकू पोशीरची धवलारीण. शहरातल्या माणसाला हा शब्द सांगावा लागतो. इकडच्या लग्नात भटजी आपल्या वेळेला येतात आणि जातात. पण जात्याला हळकुंड लावण्यापासून नवरी पाटावरून उठेपर्यंतचं प्रत्येक काम धवल्याने, म्हणजे लग्नाच्या पारंपरिक गाण्याने, व्हायचं, आणि धवला धवलारणीने म्हणायचा. देवांना आवतण तीच देते. त्यामुळे गाणं पुरं होईपर्यंत ती तोंडात पाण्याखेरीज काही घेत नाही, चहासुद्धा नाही. ज्या तोंडातून देवांची नावं जायची, ते गावभरच्या तोंडांना लागलेल्या वस्तूला कसं लावायचं, हा तिचा प्रश्न. शिवाय तिचे हात मोकळे हवेत. एका हातात तांदूळ, दुसऱ्या हातात हळदीची वाटी. माईक धरायला तिसरा हात आणायचा कुठून?

अंबूबाई तिची जोडीण. सुंदराने ओळ टाकायची, अंबूने ती झेलायची. दोघी एकाच वर्षी सून म्हणून पोशीरला आल्या, एकाच जुन्या धवलारणीकडून शिकल्या, आणि तेव्हापासून गावातली एकही नवरी त्यांच्या गाण्याशिवाय पिवळी झालेली नव्हती. अंबूबाई नेहमी डाव्या हाताला बसे. तसाच रिवाज होता.

मात्र दोन वर्षांपूर्वी पुतण्याच्या मुलीच्या हळदीला अवघड झालं. आजारपणानंतर सुंदराकाकूचा आवाज दोऱ्यासारखा बारीक झाला होता. मांडवात तीनशे माणसं, प्रत्येकाच्या हातात मोबाईल, आणि धवला अर्ध्यावर असताना बँजोवाल्यांनी वाद्यं लावायला घेतली. काकूने हातातले तांदूळ परडीत परत ठेवले, उठली आणि घरी गेली. त्यानंतर ती मांडवात गायलीच नव्हती.

आता तिची सख्खी नात अक्षदा, कर्जतला एका दवाखान्यात नर्स असलेली, हट्टाला पेटली होती. आजी गायली तरच हळद लावून घेईन, नाहीतर कोरडीच बोहल्यावर जाईन. आणि आजीचा शब्द शेवटच्या खुर्चीपर्यंत गेला पाहिजे. हे शेवटचं काम तिने वाल्मिककाकांवर सोपवलं होतं.

वाल्मिक मूळचा पोशीरचाच. चौक गावात जुन्या हायवेच्या कडेला, एक गॅरेज आणि एक टायरवाला यांच्या मधल्या गाळ्यात त्याची ‘सुस्वर साऊंड सर्व्हिस’. हळदी-वराती मोठ्या डीजेवाल्यांनी नेल्या. वाल्मिककडे उरली ती कीर्तनं, शाळांची स्नेहसंमेलनं, शोकसभा. जिथे शब्द कळावे लागतात ती कामं, असं तो मनाची समजूत घालायला म्हणे. पस्तीस वर्षं या धंद्यात काढूनही त्याचा स्वतःचा आवाज त्याच्या कर्ण्यातून कधी बाहेर पडला नव्हता. ‘हॅलो, हॅलो’ म्हणायची त्याला लाज वाटे. माईक तपासायचा तर तो पिशवीतून गजराचं घड्याळ काढून माईकपुढे ठेवी आणि शेवटच्या रांगेत जाऊन टिकटिक ऐकत बसे. फावल्या वेळात गाळ्यात बसून वाचनालयातली पुस्तकं वाची. गिऱ्हाईक आलं की पुस्तक दडवी, जणू चोरीच करत होता.

“तोंड लावायचं नसलं तर?” त्या दिवशी ओटीवरून उठता उठता त्याने विचारलं. “लांबूनच ऐकणारा असला तर?”

“लांबून आयकू दे की,” सुंदराकाकू म्हणाली. “देवबी लांबूनच आयकतो.”

*

चौकच्या पुढे आतल्या बाजूला शूटिंगचा एक स्टुडिओ आहे. तिथे ध्वनिमुद्रणाचं काम करणारा देवेश वायरी जोडून घ्यायला वाल्मिककडे येई. त्याला वाल्मिकने अडचण सांगितली.

“कंडेन्सर माईक घ्या, काका,” देवेश म्हणाला. “हातभर लांब ठेवलात तरी चालेल. बारीक आवाजाला तोच. तुमचा तो साधा माईक जाड कानाचा. त्याला जवळ येऊन ओरडून सांगावं लागतं. ह्याचा पडदा कांद्याच्या सालीसारखा पातळ. फक्त ह्याला मिक्सरमधून वीज द्यावी लागते. आहे सोय?”

वाल्मिकच्या मिक्सरवर एक लाल बटण होतं. त्यावर अठ्ठेचाळीस असा आकडा होता. घेतल्यापासून त्याने ते कधी दाबलं नव्हतं. काही जळेल अशी भीती वाटे. माहितीपुस्तक मात्र त्याने शब्दकोश घेऊन दोनदा वाचलं होतं.

“आहे,” तो म्हणाला.

“आणि एक. कंडेन्सर निवड करत नाही. जे आहे ते सगळं ऐकतो. कोंबडी खोकली तरी ऐकेल.” देवेशने जाताना आपल्याकडचा एक मोठा, डब्यासारखा माईक एका दिवसासाठी दिला. “आधी ह्याच्यावर ऐकून बघा, मग विकत घ्या.”

दुसऱ्या दिवशी दुपारी वाल्मिकने सुंदराकाकूच्या ओटीवर तो माईक मांडला. दोघी चटईवर शेजारी शेजारी बसल्या. स्पीकर आणलाच नव्हता. नुसता मिक्सर आणि हेडफोन. त्याने देवाचं नाव घेऊन लाल बटण दाबलं. काही जळलं नाही.

हेडफोन कानाला लावला आणि तो जागच्या जागी थांबला. इतकी वर्षं या ओटीवर तो येत होता; ही ओटी त्याने कधी ऐकलीच नव्हती. शेणानं सारवलेल्या जमिनीवर कोंबडीची नखं वाजत होती. काकूच्या बांगड्या एकमेकींवर घासत होत्या. लांब कुठेतरी गिरणीचा पट्टा फटफटत होता. आपण आजवर लोकांना जे ऐकवलं ते किती थोडं होतं, असं त्याला वाटून गेलं.

“सुरू कर, काकू.”

*आवतन गेलं गं, डोंगराच्या देवा*
*हलदीच्या पावली, मांडवात यावा*

आवाज बारीक होता, पण फाटलेला नव्हता. प्रत्येक अक्षर कानाशी येऊन बसत होतं. वाल्मिकने डोळे मिटले. मग त्याच्या लक्षात आलं की ओळीच्या आधी काहीतरी येतंय. एक फुंकर. ‘हलदी...’ आणि मग काकूचं ‘हलदीच्या पावली’. पुढच्या ओळीआधी ‘तलया...’ आणि मग ‘तलयाच्या देवा’. आधी त्याला वाटलं भिंतीवरून आवाज परत येतोय. पण भिंतीवरून परत येणारा आवाज मागून येतो. हा आधी येत होता.

त्याने डोळे उघडले. अंबूबाई खाली मान घालून बसली होती. तिचे ओठ काकूच्या ओठांच्या एक श्वास आधी हलत होते.

तिसऱ्या धवल्यात अंबूबाईला ठसका लागला. काकू थांबली. एकदा बांगड्या वाजल्या, एकदा कोंबडी. काकूने तोंड उघडलं आणि पहिल्या धवल्याची ओळ घेतली. तीही अर्ध्यावर सुटली. तेवढ्यात अंबूबाईने तिच्या गुडघ्याला हात लावला, शब्द दिला, आणि गाडी पुन्हा रुळावर आली.

“तुज्या खोकल्यानं माजी लय तुटली, अंबे,” धवला संपल्यावर काकू म्हणाली.

“हां गं. चुकलं माजं.”

“आला का रं आवाज?” काकूने वाल्मिकला विचारलं.

“चांगला आला, काकू,” वाल्मिक म्हणाला. हे खरंच होतं. “खूप चांगला आला.”

सामान टेंपोत ठेवत असताना अंबूबाई मागून आली. हातात वालाची पिशवी होती. ती त्याला देऊन लगेच परत जाईल असं वाटलं, पण ती टेंपोच्या फळीला टेकून उभी राहिली.

“त्या कानातल्यात समदं आयकू येतं?”

“सगळं.”

“मंजी माजंबी.”

वाल्मिक पिशवीची गाठ सोडून पुन्हा मारू लागला.

“दोन वरसं झाली,” अंबूबाई म्हणाली. “आदी धवल्याचा पयला सबुद द्यावा लागायचा. आता घरी गातानाबी परत्येक ओळीला द्यावा लागतो. तिला वाटतं तिला येतंय. आनि येतंच रं तिला, आत समदं हाय. नुसती कडी लागलेली असते. मी कडी काडते, मंग ती दार उगडून भायेर येते.”

“काकूला माहीत नाय?”

“नाय. आनि तिनं मांडव सोडला तो बँजोपाई सोडला असंच ती मानते. ती उटली तवा मी तिच्या डाव्या अंगाला बसलेवते. माजा सबुद तिला आयकू जात नवता. बँजोनं झाकला ना.” तिने रस्त्याकडे पाहिलं. “आता तुज्या त्या डब्यातनं शेवटच्या खुर्चीतल्या मानसाला बी कलंल का अंबू पुडं आनि सुंदरा मागं. पोरी हसतील. मग ती पुन्ना कंदी तोंड उगडायची नाय. तर असा आन रं, का ज्याच्यात मी नसन.”

“अंबूबाय, पण तू झेलणार नाय तर—”

“झेलनार तर! तिच्या बाजूलाच बसनार, गलाभर गानार. नुसती त्या यंत्रात नको.”

“इतकी वर्षं तू जोडीला—”

“मोजीत बसू नको,” अंबूबाई म्हणाली. “वाल रातचे भिजत घाल. मालतीला सांग, बिरडं करताना गूल कमी टाक.”

*

“तुम्ही आवाज वाढवायचा धंदा करता का दाबायचा?” त्याची बायको मालती बिरड्यात गूळ नेहमीएवढाच टाकत म्हणाली. वाल्मिकने तिला सगळं सांगितलं होतं. तिला न सांगता त्याला जेवण जात नसे.

“तेच कळत नाही. एकीची लाज राखायची म्हणून दुसरीला पुसायचं.”

“ती स्वतः सांगतेय ना?”

“ती सांगतेय म्हणून बरोबर होतं का?”

“मग दोघींचा सोडा मोकळा. कळू दे गावाला.”

वाल्मिक भात कालवत राहिला. मालतीने त्याच्या ताटात आणखी थोडं बिरडं वाढलं. ती वाद जिंकली की असंच करी.

मुंबईच्या बाजारातल्या दुकानात तो सकाळीच जाऊन उभा राहिला. काउंटरवरच्या विक्रेत्याने एकामागून एक डबे उघडले. हा बघा, अगदी पातळ पडद्याचा. हा मोठ्या गायकांच्या कार्यक्रमाला जातो. ह्याच्यात श्वाससुद्धा ऐकू येईल.

“मागून कसा आहे?” वाल्मिकने हळूच विचारलं.

“मागून म्हणजे?”

“पाठीमागे कोणी बोललं तर ऐकतो का?”

विक्रेत्याने चष्म्यावरून त्याच्याकडे पाहिलं. “काका, सगळे विचारतात काय काय ऐकतो. तुम्ही काय ऐकत नाही ते विचारताय.”

“हो,” वाल्मिक ओशाळून म्हणाला. “मला बहिरा पाहिजे. एका बाजूने.”

मग विक्रेता कामाला लागला. त्याने एक महागडा काढला. हा फार अरुंद ऐकतो, आजूबाजूचं घेतच नाही, तुम्हाला हाच हवा. वाल्मिकने परवानगी विचारून पिशवीतलं गजराचं घड्याळ काढलं. माईकच्या पुढे ठेवलं, मग उजवीकडे, मग डावीकडे, मग बरोब्बर पाठीमागे. हेडफोनमधून ऐकताना त्याने एक बोट वर केलं. बाजूची टिकटिक खरंच कमी होती. पण थेट पाठीमागून ती पुन्हा थोडी येत होती. बारीक, पण येत होती.

“तेवढी कोण ऐकतंय, काका?”

“ऐकतात,” वाल्मिक म्हणाला.

दुसरा आणला, तिसरा आणला. चौथा बोटाएवढा जाड आणि वीतभर लांब होता, दिसायला अगदी साधा, किमतीने मधला. बाजूने तो बऱ्यापैकी ऐकत होता, पण पाठीमागे घड्याळ नेलं की जणू कोणी ते पाण्यात बुडवलं. वाल्मिकने तीनदा करून पाहिलं. चौथ्यांदा त्याने विक्रेत्याला मागे उभं राहून काहीतरी कुजबुजायला सांगितलं.

“काय कुजबुजू?”

“काहीही.”

विक्रेता माईकच्या पाठीमागे वाकून बराच वेळ कुजबुजला. काय कुजबुजला देव जाणे; वाल्मिकला त्यातलं अक्षर ऐकू आलं नाही. “हाच,” तो म्हणाला, आणि पुढचे दोन दिवस आपण चुकीचा तर घेतला नाही ना, या काळजीत त्याने काढले.

*

हळदीच्या दिवशी चार वाजता मांडव भरला. वाल्मिक दुपारपासूनच तिथे होता. दोघींच्या चटईवर त्याने बुटका स्टँड अशा बेताने ठेवला होता, की माईक दोघींच्या मधोमध यावा. तोंड सुंदराकाकूकडे आणि पाठ अंबूबाईकडे. लांबून बघणाऱ्याला वाटावं, दोघींसाठी एकच आहे.

एकच संकट आलं. इकडे हळदीच्या दिवशी मांडवातल्या सगळ्याला हळद लावतात. जात्याला, मुसळाला, खांबाला, चुलीला. बायका ओल्या हळदीची वाटी घेऊन फिरत फिरत माईकपाशी आल्या. नवीन वस्तू, तिला नको का?

“ह्याला नको!” वाल्मिकने दोन्ही पंजे माईकवर धरले. पातळ पडदा, कांद्याची साल, हे सगळं एका दमात कसं सांगायचं?

“का रं? त्याचं लगीन नाय व्हायचं?”

“माझ्या हाताला लावा. माझ्या हाताला लावली म्हणजे त्याला पोचली.”

बायकांनी मग त्याचे दोन्ही हात, गाल आणि टक्कल मनसोक्त माखलं. तेवढ्यात सुंदराकाकू आली, चटईवर बसली आणि माईककडे संशयाने बघू लागली.

“ह्याला कुनाचं तोंड लागलंय?”

“कुणाचं नाय. दुकानातला माणूस बोलला, तोपण लांबून.”

“आनि तू?”

“मी घड्याळ लावलं.”

काकूचं समाधान झालं. अंबूबाई आली ती उभ्यानेच माईकभोवती नजर फिरवून म्हणाली, “पाठ कंची ह्याची?”

“ही.”

“मंग बरोबर हाय,” ती म्हणाली, आणि नेहमीप्रमाणे डाव्या हाताला बसली.

काकूने तांदूळ हातात घेतले. वाल्मिक मिक्सरपाशी जाऊन बसला. पहिली ओळ निघाली आणि मांडवातल्या शेवटच्या खुर्चीवर बसलेला एक म्हातारा दचकून मागे वळला. त्याला वाटलं, कोणीतरी आपल्याच कानाशी गातंय. माणसं बोलायची थांबली, ओरडून कोणी गप्प केलं म्हणून नव्हे. त्या बारीक आवाजाला ऐकायचं तर आपण हललो तर चालणार नाही, असं प्रत्येकाला आपोआप वाटलं. बँजोवाले वाद्यं मांडीवर आडवी ठेवून बसून राहिले.

हेडफोनमध्ये फक्त सुंदराकाकू होती. समोर अंबूबाईची मान ताठ झाली होती, गळ्याच्या शिरा दिसत होत्या. प्रत्येक ओळीच्या आधी ती शब्द देत होती आणि नंतर अख्खी ओळ गळाभर झेलत होती. वाल्मिकला तिचा आवाज दिसत होता, ऐकू येत नव्हता. तरीही प्रत्येक ओळीच्या आधी त्याचं पिवळं बोट आवाजाचं बटण नखभर खाली घेई, आणि काकूचं तोंड उघडताच वर. न जाणो.

पहिला धवला संपला. अक्षदा पाटावर बसली होती, चेहरा हळदीने भरलेला, डोळे ओले. तिने हात हलवून वाल्मिकला बोलावलं.

“काका, आजीचा किती सुंदर येतोय! पण अंबूआजी ऐकूच येत नाहीये.”

“अं?”

“ती गातेय, मला दिसतंय. दोघींची जोडी आहे ती, काका. एकटीचा कसा चालेल? तो बँजोवाल्यांचा माईक द्या ना तिला.”

वाल्मिकने तोंड उघडलं. वायर, वीज, बटण, काहीतरी कारण सांगायला हवं होतं. त्याच्या जिभेवर एकही आलं नाही. पोरीच्या डोळ्यांत इतकी माया होती की तिच्यापुढे खोटं बोलायला त्याला आणखीच वेळ लागला असता. तेवढ्यात बँजोवाल्यांपैकी एक जण हसतमुखाने उठला, चालू माईक घेऊन आला आणि त्याने तो अंबूबाईच्या तोंडासमोर धरला.

“म्हना, आजी, तुमीबी.”

सगळा मांडव अंबूबाईकडे बघत होता. सुंदराकाकूही बघत होती. अंबूबाईने एकदा वाल्मिककडे पाहिलं. तो हेडफोन हातात धरून मध्येच उभा होता, ना पुढे ना मागे. मग तिने आपला हात गळ्याला लावला आणि खरवडल्यासारख्या आवाजात म्हणाली, “नको गं बाय. माजा घसा गेलाय. आवाजच निंगत नाय.”

ते शब्द बँजोवाल्यांच्या भल्यामोठ्या स्पीकरमधून मांडवभर गेले. खुर्च्यांमधून ‘अरेरे’ असा सूर आला. बँजोवाल्याने ओशाळून माईक मागे घेतला.

“सकालपासनं तर बरी होतीस,” सुंदराकाकू म्हणाली.

“आताच गेला,” अंबूबाई त्याच आवाजात म्हणाली. “तू चालू कर. पोर हलदीची खोलंबलीय.”

वाल्मिक मिक्सरकडे परतला. पुढचा धवला सुरू झाला, त्याच्या पुढचा झाला, मुसळाचा झाला, हळद उतरवायचा झाला. एकही ओळ अडली नाही. पण घसा गेला असं एकदा सांगितल्यावर अंबूबाईला आता मोठ्याने गाता येईना. ती नुसते ओठ हलवत राहिली; शब्द पुढे सरकवायचा आणि मग गप्प बसायचं. गळ्याच्या शिरा परत खाली बसल्या. झेल कोणी धरत नव्हतं. सुंदराकाकू एकटीच टाकत होती आणि एकटीच पुढे जात होती, आणि ऐकणाऱ्यांना त्यात काही कमी आहे असं वाटलंही नसेल. वाल्मिकला वाटलं. हेडफोनमध्ये काहीच बदललं नव्हतं. तरी त्याला वाटलं.

गाणं पुरं झालं तेव्हा अजून ऊन होतं. बायकांनी सुंदराकाकूला गराडा घातला.

“काय गं काकू, या वयात असा आवाज!”

“आनि सबुद? एक चुकला नाय, एक अडकला नाय. आमाला कालचं आठवत नाय.”

“अंबूबायचा मातर गेला बिचारीचा.”

“वय झालं ना.”

“झालं गं बाय,” अंबूबाई मान हलवत कुजबुजली.

वाल्मिक चटईपाशी गुडघ्यावर बसून माईकची वायर काढत होता. वर बघायचा त्याला धीर होईना. अंबूबाईची पावलं त्याच्या हातापाशी होती. त्याने वायर नेहमीपेक्षा सावकाश गुंडाळली.

कोणीतरी सुंदराकाकूच्या हातात चहा दिला. दिवसभरातला पहिला. तिने तो बाजूला ठेवला, कमरेची चंची सोडली, आत बोटं घालून खडीसाखरेचा एक मोठा खडा शोधून काढला आणि अंबूबाईच्या तळहातावर ठेवला.

“गालात धर. चावू नको,” ती म्हणाली. “आनि उंद्या लग्नाला तू गाऊ नको आता. नुसती बस. मी एकटी निभावून नेईन.”

“बसंन की,” अंबूबाई कुजबुजली. “तुज्या बाजूलाच बसंन.”

“बस. बाजूला बसलीस का मला बरं वाटतं.”

काकूने चहाची कपबशी उचलली आणि बायकांकडे वळली. अंबूबाईने खडा गालात सरकवला. बायका अजून तिच्याकडे बघत होत्या, म्हणून गळ्यावरचा हात तिने खाली घेतला नव्हता.